किंमत आणि कस

वस्तूची किंमत हा तिच्या गुणाचा पुरावा मानावा की नाही, हा वाद जुना आहे, आणि तो केवळ बाजारातला नाही. रसिकतेच्या प्रांतातही तो वारंवार उपस्थित होतो. पैठणीचा पोत बोटांना कळतो, सोन्याचा कस दगडावर उतरतो, आंब्याचा वास आढीपर्यंत जाण्याआधीच येतो. परंतु बाटलीतील मद्य बूच निघेपर्यंत मुके असते. तोवर त्याचे वकीलपत्र लेबलाने आणि किमतीने घेतलेले असते, आणि हे दोन्ही वकील आपल्या अशिलाविषयी पुष्कळ बोलतात. पारख करणाऱ्याने त्यांचे भाषण ऐकून घ्यावे, पण निकाल साक्षीपुराव्यावर द्यावा, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. मद्यपानाची महती गाण्याचा आमचा हेतू नाही. दारूने ज्यांची चूल विझविली अशी घरे वकिलीच्या व्यवसायामुळे आम्ही पुरेशी जवळून पाहिली आहेत. परंतु जी वस्तू समाजात उघडपणे घेतली-दिली जाते, जिच्यावर सरकारचा खजिना भरतो, तिच्याविषयी टीकाकाराने मौन पाळल्याने ती नाहीशी होत नाही. फक्त तिच्याविषयी बोलण्याचा मक्ता जाहिरातदाराकडे जातो.

जोयड्यासारख्या अरण्यमय तालुक्यात अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर काळी नदीच्या काठी सापडेल. गणेशगुडीपासून दांडेलीपर्यंत पाहुण्यांसाठी जी निवासस्थाने उभी राहिली आहेत, तेथे शहरातला पाहुणा आपली बाटली आपल्याबरोबर घेऊन येतो. परदेशी नोकरीस असलेला पुतण्या किंवा भाचा सुटीवर येताना विमानतळावरील दोन लिटरांच्या सवलतीत बसेल अशी एक भारी बाटली आणतो. ती मेजावर ठेवताना तिची किंमत प्रथम सांगितली जाते आणि चव मागाहून घेतली जाते. दुसरीकडे अनमोडचा घाट उतरला की गोवे लागते, आणि तेथे काजूची फेणी आहे. तिच्याही आता साध्या आणि शोभिवंत अशा दोन जाती झाल्या आहेत. बर्बन आणि फेणी यांची एकमेकींशी झुंज लावण्यात अर्थ नाही. पण महाग बाटली स्वस्त बाटलीहून खरोखर श्रेष्ठ असते काय, हा प्रश्न दोघींना विचारता येतो. आणि गंमत अशी, की दोघींची उत्तरे एकमेकींच्या उलट येतात.

प्रथम बर्बनकडे पाहू. बर्बन म्हणजे काय, हे अमेरिकेत कोणा व्यापाऱ्याच्या लहरीवर सोडलेले नाही. धान्यात निदान ५१ टक्के मका असला पाहिजे. मद्य आतून जाळून कोळसविलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरले पाहिजे. वरून रंग किंवा स्वाद घालता कामा नये. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे त्या देशाचे खास उत्पादन असल्याचे जाहीर केले. त्याहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो १८९७ चा कायदा. त्यापूर्वीच्या काळात कच्च्या दारूत रंग आणि तंबाखूसारखे पदार्थ मिसळून ती जुनी व्हिस्की म्हणून खपविण्याचा धंदा तेथे जोरात होता. कायद्याने एक नवी शिक्कामोर्तबाची पद्धत घालून दिली: मद्य एकाच हंगामात, एकाच भट्टीत गाळलेले असावे, सरकारी देखरेखीच्या वखारीत निदान चार वर्षे मुरावे आणि त्यात मद्यार्काचे प्रमाण बरोबर ५० टक्के असावे. ज्या बाटलीने या अटी पाळल्या तिलाच तो शिक्का. आजही केंटकीच्या दुकानांत खालच्या फळीवर हा शिक्का मिरविणाऱ्या अगदी माफक किमतीच्या बाटल्या मिळतात.

या कायद्याचे मर्म वाचकांनी ध्यानात घ्यावे. तेथे स्वस्त बाटली आणि महाग बाटली यांच्यामागे एकच करार उभा आहे. गरिबाने खालच्या फळीवरून उचललेल्या बाटलीतही मका तोच, पीप नवेच आणि लबाडीला मज्जावही तोच. मग महाग बाटलीत अधिक काय असते?

पहिले उत्तर आहे काळ. पिंपातील मद्य दरवर्षी थोडे थोडे उडून जाते; वीस वर्षांत केंटकीतील पीप अर्ध्याहून अधिक रिकामे होते. उरलेल्यावर हरवलेल्याचा खर्च चढतो, आणि तो न्याय्यच आहे. परंतु काळ म्हणजे गुण नव्हे. नवे ओकचे लाकूड मद्याला रंग, गोडवा, व्हॅनिलाचा वास देते, तसेच पुढे पुढे त्याला कडू आणि रूक्षही करते. लोणचे मुरते तसेच ते एका मर्यादेपलीकडे उतरतेही. तेवीस वर्षांची बाटली बारा वर्षांच्या बाटलीहून जवळजवळ दुप्पट चांगली असते, हे गणित मोजणाऱ्याचे आहे, चाखणाऱ्याचे नाही.

दुसरे उत्तर आहे दुर्मिळता, आणि तिच्या पोटी जन्मलेला गवगवा. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पॅपी व्हॅन विंकल या नावाची बर्बन. तिच्या नावामागील मूळ पुरुष ज्यूलियन व्हॅन विंकल. लुईव्हिलजवळची त्याची भट्टी १९३५ मध्ये सुरू झाली, १९७२ मध्ये विकली गेली आणि पुढे थंडावली. २००२ पासून हा माल फ्रँकफर्ट गावच्या बफेलो ट्रेस या भट्टीच्या सहकार्याने निघतो. आज तिचे वेड असे, की कारखान्याने नेमलेल्या किमतीला ती बहुतेक कोणास मिळत नाही. चिठ्ठ्या टाकून ती विकली जाते आणि फेरविक्रीत तिचा भाव अनेक पटींनी वाढतो. २०१३ साली या भट्टीतून दोनशेहून अधिक बाटल्या नाहीशा झाल्याचे उघडकीस आले आणि २०१५ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवण्यात आले. चोरानेही लेबल वाचूनच चोरी केली, हे येथे नमूद करावयास हवे.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच भट्टीत वेलर नावाची दुसरी बर्बन निघते. दोघींतही मक्याच्या जोडीला राईऐवजी गहू असतो. दोघींचीही बारा वर्षांची बाटली आहे. एकीत मद्यार्क ४५ टक्के, दुसरीत ४५.२ टक्के. पिंपे वखारीत कोठे ठेवली आणि त्यांतील कोणती निवडली, याचा फरक त्यांत असतो, आणि निवड ही कला आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण या सख्ख्या बहिणींच्या बाजारभावांत जे अंतर पडले, ते निवडीने पडलेले नाही. ते नावाने पडले. पुढे याहून मौजेची गोष्ट घडली. जाणत्यांनी वेलरला 'गरिबाची पॅपी' म्हणून वाखाणण्यास सुरुवात केली, आणि त्या वाखाणणीनेच ती गरिबाच्या हातून निसटली. तिचीही टंचाई झाली, तिचाही भाव चढला. मद्य तेच राहिले; बदलले ते त्याच्याविषयीचे बोलणे. टीकेचा व्यवसाय करणाऱ्या आम्हां सर्वांनी या गोष्टीचा विचार करावा.

तिसरे उत्तर आपल्या देशापुरते आहे, आणि ते चवीच्या खात्यात चुकून मांडले जाते. ते म्हणजे कर. २०२५ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने बर्बनवरील आयातकर १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणला. त्यावर राज्याचा अबकारी कर चढतो तो वेगळाच. म्हणजे आपल्याकडील परदेशी बाटलीच्या किमतीत मोठा वाटा खजिन्याचा असतो. तो पिण्यात उतरत नाही. सीमा किंमत कशी घडविते, हे आमच्या भागास नवीन नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा येथे लागू होता; घाटाच्या पलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता आणि तेथे दारू उघड होती. तीच बाटली घाटाच्या एका अंगास व्यवहार होती आणि दुसऱ्या अंगास गुन्हा. बाटलीचा भाव घाटावर बदलत होता. बाटलीतील दारूला त्याची वार्ता नव्हती.

याउलट कोणी म्हणेल, की महाग वस्तूचा आनंद मोठा असतो हे तर अनुभवसिद्ध आहे. हे आम्हांस मान्य आहे. त्याला आता शास्त्राचाही आधार मिळाला आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच द्राक्षमद्य लोकांना दोन वेळा दिले, एकदा दहा डॉलरचे म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरचे म्हणून. नव्वद डॉलरचे त्यांना अधिक आवडले, आणि मेंदूतील सुखाशी निगडित भागही अधिक चेतला. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच अधिक सुख झाले. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा किंमत झाकून द्राक्षमद्ये चाखविली गेली, तेव्हा सामान्य माणसांना महाग मद्ये किंचित कमीच आवडली. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे अर्थ उघड होतो. किमतीपासून मिळणारे सुख खरे आहे, परंतु ते किमतीचे सुख आहे. ज्याला किंमत सांगितली त्यालाच ते मिळते. म्हणूनच महाग बाटली मेजावर ठेवणारा यजमान तिची किंमत सांगितल्यावाचून राहत नाही.

या वादात स्वतः काही पाहावे म्हणून आम्ही चौघा मित्रांनी मोल्याजवळच्या एका अंगणात एक लहानशी परीक्षा घेतली. दोन बर्बन, एकीची किंमत दुसरीच्या सहापट. पेले सारखे, आणि ओतण्याचे काम घरच्या वहिनींनी आतल्या खोलीत केले. फरक होता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. महाग बाटलीतील मद्य अधिक मऊ होते आणि गिळल्यावर त्याची चव घशात अधिक रेंगाळत होती. चौघांपैकी तिघांनी तिलाच पसंती दिली. चौथ्यास दुसरीतील मिरमिरीत तिखटपणा अधिक भावला. नावे उघड करण्यापूर्वी आम्ही प्रत्येकास विचारले, या फरकासाठी किती अधिक द्याल? दुपटीच्या वर एकही जण गेला नाही. आमच्या मते महाग बर्बनविषयी याहून न्याय्य निकाल देता येणार नाही. ती बरी असते, कधी कधी फार बरी असते. पण तिची किंमत ज्या पटीने वाढते त्या पटीने ती बरी होत नाही.

आता फेणीकडे वळू. आणि येथे आमचा निकाल फिरतो.

फेणी पिंपात मुरत नाही. ती काचेच्या मोठ्या गाराफांवात स्वच्छ पाण्यासारखी राहते. म्हणून काळाचा खर्च हे कारण तिला लागू नाही. तिचा खर्च सगळा श्रमाचा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाचे फळ तोडून चालत नाही. ते पिकून आपोआप गळावे लागते आणि उन्हाळ्याच्या दिवसांत रोज डोंगर फिरून वेचावे लागते. बी वेगळी करून बोंडू तुडवितात, रस काही दिवस आंबू देतात आणि तो भाणात घालून भाटीवर चढवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनात निघतो तो हुर्राक, सौम्य आणि फक्त हंगामापुरता. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून गाळले म्हणजे फेणी. तिचा जोर गोव्यात आजही ग्रावांत मोजतात. हुर्राक पंधराच्या आसपास, फेणी एकोणीस-वीस. या कामात यंत्राने वाचण्यासारखे थोडेच आहे.

म्हणून जी फेणी फार स्वस्त मिळते तिच्याविषयी शंका घेणे भाग पडते. रसात साखर किंवा गूळ ओढणे, तयार फेणीत बाहेरचा मद्यार्क मिसळणे, या तक्रारी गोव्यातील जाणते लोकच करीत आले आहेत. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने फेणीला राज्याच्या वारशाचे मद्य ठरविले. दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. त्याआधी 'देशी दारू' या वर्गवारीने तिची परराज्यांची वाट अडवून धरली होती. हजारो मैलांवरील केंटकीची बाटली आमच्या भागातील दुकानात सुखाने बसे आणि घाटाखालची फेणी परकी ठरे. परंतु मानांकन फेणी कोठली एवढे सांगते. कोणत्या भाटीची, कोणत्या हंगामाची, एका ठिकाणची की दहा ठिकाणची मिसळलेली, हे खालच्या फळीवरील लेबल सहसा सांगत नाही. बर्बनच्या स्वस्त बाटलीमागे १८९७ चा कायदा पहारा देतो. फेणीच्या स्वस्त बाटलीमागे तसा पहारा नाही. म्हणून जी महाग फेणी आपली भाटी, आपला हंगाम आणि आपली रीत उघडपणे लिहिते, तिला अधिक पैसे देणे आम्ही उधळेपणा मानीत नाही. तो उघडेपणाचा मोबदला आहे, आणि तो फळे वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचण्याची थोडीफार शक्यता आहे. मात्र जी केवळ नक्षीदार काचेचे आणि रंगीत बुचाचे पैसे मागते, तिला आमचा सल्ला नकाराचा आहे. आणि ज्यास भाटीवाला स्वतः ठाऊक आहे त्यास लेबलाची गरजच नाही.

या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची आठवण होते. पीटर स्कॉट या भारतीय व्हिस्कीच्या नावावरून स्कॉच व्हिस्की असोसिएशनने खोडे डिस्टिलरीजविरुद्ध केलेल्या तक्रारीत २००८ साली निकाल खोडे यांच्या बाजूने लागला. त्याचे मुख्य कारण तक्रारीस झालेला दीर्घ विलंब हे होते. परंतु न्यायालयाने असेही म्हटले, की ग्राहकवर्ग शिकलेला आणि सधन असेल तर फसवणुकीची कसोटी वेगळी लावावी लागते. खेड्यातील निरक्षर गरिबास लागणारी कसोटी त्यास लागत नाही. व्यापारचिन्हाच्या कायद्यापुरते हे तत्त्व आम्हांस ग्राह्य आहे. पण चवीच्या प्रांतात आम्ही त्याच्या उलट चित्र पाहतो. भाटीवर जाणारा कुणबी शेतकरी बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहतो, दोन थेंब तळहातावर चोळून वास घेतो, आणि मग पैसे काढतो. फेणी हे नावच फेसावरून पडले असे मानतात, ते उगाच नव्हे. जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा कोन घेणाऱ्या बायका तो हातात तोलून आणि नखाने खरवडून घेतात, पाटीवरचे नाव वाचून नव्हे. सधन ग्राहक मात्र किंमत वाचतो आणि जीभ नंतर हजर करतो. फसविला जाण्याची अधिक शक्यता कोणाची, हे वाचकांनीच ठरवावे.

तथापि ज्याला भाटीही नाही आणि भारी बाटलीही नाही, त्याचे काय? खरा प्रश्न त्याचा आहे. आमच्या राज्यात सारायीवर १ जुलै २००७ पासून बंदी आली. बंदीने पिणारा सुटला नाही. तो सर्वांत खालच्या भावाच्या व्हिस्की-ब्रँडीकडे वळला. भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग धान्यापासून नव्हे, तर उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभा आहे. युरोपात त्यास व्हिस्की म्हणू देत नाहीत. येथे लहान बाटली विकत घेणाऱ्या मजुरास तिच्यात काय आहे, किती मुरलेले आहे, रंग लाकडाचा की साखरेचा, यांपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही. सधन माणूस महाग बाटलीत फसला तर त्याचे पैसे जातात. गरिबाला स्वस्त बाटलीत पारखण्याचा हक्कच नाकारलेला आहे, आणि त्याची किंमत त्याचे घर देते.

म्हणून निकाल थोडक्यात असा. ज्या मालामागे कडक आणि सर्वांना सारखा कायदा उभा आहे, तेथे स्वस्त बाटली घ्यावी; महाग बाटली एखाद्या प्रसंगी, दुपटीच्या आत मिळाली तर घ्यावी, आणि चिठ्ठ्यांच्या रांगेत उभे राहू नये. ज्या मालामागे असा कायदा नाही, तेथे जो अधिक सांगतो त्यास अधिक द्यावे. केवळ जो अधिक मागतो त्यास नव्हे. आणि टीकाकारांनी एवढे पथ्य पाळावे, की भाटीवरची एखादी चांगली फेणी सापडली तर तिची स्तुती अशी करू नये, की पुढल्या हंगामात ती गाळणाऱ्याच्या शेजाऱ्यालाच परवडेनाशी व्हावी. स्तुतीपेक्षा लेबलावर भाटीचे नाव, हंगाम आणि मिश्रण लिहिलेच पाहिजे अशी मागणी करणे अधिक उपयोगी. अमेरिकेने ती व्यवस्था १८९७ साली केली. गोव्याला आणि आमच्या राज्याला ती आज करता येण्यास कायद्याची कोणतीही अडचण आम्हांस दिसत नाही.